फाटकापलीकडची हाक

दर रविवारी सकाळी ओब्रिकूरच्या चर्चसमोरून सायकलवाल्यांची रांग निघते आणि रांगेच्या शेवटी एदविज असते. नवख्या माणसाला वाटतं, बाईंचं वय झालंय, दमत असतील बिचाऱ्या. हे तिच्यासमोर बोलून बघावं. शहरातून आलेल्या एका तरुण इंजिनियरनं एकदा "मावशी, जरा ढकलू का?" असं विचारलं होतं. त्याला तिनं नदीकाठच्या रेंद्यातून असा काही पळवला की जिस्लेनच्या कॅफेत पोचेपर्यंत त्याच्या तोंडाला फेस आला. तो पुन्हा फिरकला नाही. एदविज शेवटी असते, कारण ती जागा तिच्या नवऱ्याची आहे.

तिला स्वतःला सायकलीचं वेड कधीच नव्हतं. तिचं आयुष्य एंडाइव्हच्या शेडमध्ये गेलं. ती पांढरी कडवट भाजी काळोखात वाढते. उजेड लागला की हिरवी पडते आणि बाजारात तिला कुत्रं विचारत नाही. त्यामुळे एदविजनं कमावती वर्षं मिणमिणत्या दिव्याखाली, ओल्या गारठ्यात उभं राहून भाजी कापण्यात काढली. काळोखात राहून राहून तिचे कान फार तिखट झाले होते. कोण कुठल्या ओळीत खोकलं, कोणाच्या बुटाचा तळ सुटलाय, सगळं तिला न बघता कळायचं. जीभही तशीच तिखट. ती कानांच्या आधीपासूनची, तिच्या आईकडची.

नवरा ओमेर साखर कारखान्यात होता. हंगामात पाळ्या करून पिचून जायचा, आणि उरलेलं वर्ष कबुतरं आणि सायकल यांच्यात जीव अडकवून बसायचा. कारखान्याच्या वाफेनं त्याचा आवाज घोगरा झाला होता. वरच्या पट्टीत गेला की फाटायचा. तो फाटका आवाज साऱ्या गावाच्या ओळखीचा होता.

आमच्याकडे सायकल काढायची म्हणजे डांबर सोडायचं. खाणीच्या ढिगाऱ्यातली लाल खडी टाकलेल्या शेतवाटा, आणि पूर्वी जिथून घोडे नावा ओढून न्यायचे तो स्कार्प नदीचा काठ. अशा वाटांना जाड टायरच्या सायकली लागतात. पोरं त्यांना ग्रॅव्हल म्हणतात, म्हातारे नुसतं 'ती जाडी' म्हणतात. मुलूख परातीसारखा सपाट, चढ औषधालाही नाही. अडचण एकच, जुनं फाटक.

नावांना खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढवणारं ते लोखंडी फाटक. तिथे वाट नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जाते, आणि ओलांडायला काय, तर फाटकावरची अरुंद फळी. एका वेळी एकच माणूस, सायकल खांद्यावर. रांग तिथे तुटतेच. पुढचे लोक पलीकडे उतरून रमतगमत चालवत राहतात, कारण उभं राहिलं की घाम गार होतो. सगळ्यात शेवटचा उतरला की तो हाक देतो, आणि मग सगळ्यात पुढचा रेजिस वेग धरतो. मागे वळून कोणी बघत नाही. वाट हातभर, बाजूला पाणी. मान वळली की चाक वळतं. सगळ्यांचा भरवसा त्या एका हाकेवर.

ती हाक वर्षानुवर्षं ओमेरची होती. "आले रेऽऽ सगळे! चला, कॉफी गार होतेय!" त्यातल्या 'सगळे'वर आवाज फाटायचा आणि पुढे कोणीतरी हसायचं.

तो नोव्हेंबरचा रविवार होता. धुकं असं की हँडलच्या पुढचं चाक अंदाजानंच ओळखायचं. हवेत साखर कारखान्याचा गोड, कुजका वास. त्या सकाळी ओमेर आणि एदविजचं भांडण झालं होतं. कारण तरी काय, तर तो चिखलाचे बूट घालून नुकत्याच पुसलेल्या फरश्यांवरून चालत गेला. एदविज म्हणाली, "जा, त्या नदीतच जाऊन राहा एकदाचा!" आणि त्याच्यामागे दार आपटलं. अशी वाक्यं त्या घरात आठवड्याला एक तरी व्हायची. दुपारी बिअरमध्ये शिजवलेलं मटण असणार होतं, त्याला आवडतं तसं, वर मोहरी लावलेला पाव टाकून. तिचं माफी मागणं असंच असायचं.

रांग फाटकाशी आली. एकेक जण पलीकडे उतरला. धुक्यातून हाक आली, "आले रेऽऽ सगळे! चला, कॉफी गार होतेय!" रेजिसनं वेग धरला. कॅफेत जिस्लेननं चिकोरी घातलेली कॉफी ओतली, सगळ्यांनी हातमोजे काढले, आणि एक कप तसाच राहिला.

"कुठल्या झाडामागे अडकलाय हा?" कोणीतरी म्हणालं. थोडं हसणं झालं. मग हसणं संपलं.

ओमेर सापडला तो फाटकाच्या अलीकडे. पलीकडे तो आलाच नव्हता. अलीकडच्या शेवटच्या वळणावर, पॉप्लरच्या झाडांखाली सायकल आडवी पडलेली, आणि तो काठाच्या वेतांत, कमरेपर्यंत पाण्यात. डॉक्टर म्हणाले, हृदय. एदविजनं विचारलं, पडला तेव्हाच गेला का? डॉक्टरांनी चष्मा पुसला. "लगेच नाही," ते म्हणाले. "थोडा वेळ होता. तेव्हा कोणी असतं तर... सांगता येत नाही."

आता गंमत अशी की हाक सगळ्यांनी ऐकली होती. रेजिसनं, चर्चमध्ये बाजा वाजवणाऱ्या बहिऱ्या पॉलनंसुद्धा. अलीकडे पडलेल्या माणसानं पलीकडून हाक दिली कशी? गावानं आपलं उत्तर काढलं. ओमेरनं मरता मरता सगळ्यांना निरोप दिला. माझ्यासाठी अडू नका, पुढे व्हा. पाद्रीबाबांनी अंत्यविधीत तेच सांगितलं आणि बायका डोळ्यांना रुमाल लावून रडल्या. गाव त्या गोष्टीवर खूश होतं. गाव खूश असायला काय जातं म्हणा.

एदविजचं मात्र डोकं फिरलं. पाण्यात पडलाय, जीव आहे, आवाजही आहे, आणि हा बाबा "वाचवा" म्हणायचं सोडून कॉफीची काळजी करतो? तिला त्याचं एकच कारण सुचत होतं. तिनं सांगितलं होतं, नदीतच राहा. तो राहिला. मेलेल्या माणसाशी भांडायचं तर जिंकता येत नाही, तरी ती भांडत होती. भांडी घासताना, कबुतरांना दाणे टाकताना. "सांग ना, का नाही बोलावलंस? सांग!" आणि मग तिला स्वतःचीच भीती वाटायची.

पुढच्या वसंतात तिनं त्याची जाडी काढली, सीट खाली केली आणि शिकायला लागली. पहिल्या दिवशी खाजकुयलीसारख्या आग लावणाऱ्या झुडपात पडली आणि अख्ख्या गल्लीला नवे शब्द शिकवून उठली. हँडलवरची पट्टी ओमेरच्या मुठींनी झिजली होती. तिथे तिचे हात पुरे पडत नव्हते, पण पट्टी तिनं बदलू दिली नाही. रविवारी रांगेत आली तेव्हा कोणी काही न बोलता शेवटची जागा तिला सोडली.

सगळ्यांना वाटलं, नवऱ्याची आठवण. ती ऐकायला येत होती.

आणि तिला ऐकू यायचं. खडीवर आपल्या टायरचा आवाज येतो तसा मागून आणखी एक आवाज यायचा, किंचित उशिरा. ती थांबली की तो थांबायचा, पण एक क्षण नंतर. रेजिसला सांगितलं तर म्हणाला, "अगं, पॉप्लरच्या बुंध्यांवरून येतो आवाज परत. मलाही येतो."

"तुझ्यामागे खोकतो का?" एदविजनं विचारलं.

रेजिस आपल्या जागेवर, रांगेच्या पुढे निघून गेला.

फाटकापलीकडे उतरून हाक द्यायचं काम आता तिचं होतं. ती हाक द्यायची, पण "आले" एवढंच म्हणायची. 'सगळे' हा शब्द तिच्या तोंडातून कधी निघाला नाही. लोकांनी तेवढ्यावर भागवून घेतलं.

तिच्या बरोब्बर पुढे आशील असायचा. हा ओमेरचा शाळेपासूनचा दोस्त, आणि तेव्हाही शेवटून दुसरा हाच. गावातला मोठा नकलाकार. मेयर, पाद्रीबाबा, जिस्लेनची कॉफीची मशीन, वाट अडवणारी हंसीण, कोणाचाही आवाज काढायचा. गावजत्रेत त्याच्याभोवती गर्दी लोटायची. ओमेरचा आवाज मात्र त्यानं चारचौघांत कधी काढला नाही. "दोस्ताची नक्कल करत नसतात," म्हणायचा. ओमेर गेला आणि आशीलनं नकला बंदच केल्या. लोक म्हणाले, बघा, दोस्ती म्हणतात ती ही.

तो एदविजच्या दारात कांद्याच्या पातीसारखे, पण जाड लीक आणून ठेवायचा, तिच्या सायकलची साखळी पुसून द्यायचा, फळीवर तिची सायकल धरायचा. जिस्लेन डोळा मारून म्हणायची, "काय गं, लग्नाचे केक सांगू का?"

"सांग की," एदविज म्हणायची. "पण नवरा दुसरा बघ. हा तोंड उघडत नाही. मला भांडायला माणूस लागतं."

आशील कानापर्यंत लाल व्हायचा आणि दुसरीकडे बघायचा. लोकांना वाटायचं, लाजला.

ओमेर गेल्यानंतरचा तिसरा नोव्हेंबर आला. मृतांच्या दिवशी आमच्याकडे सगळे शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात जातात. एदविजनं एक कुंडी ओमेरच्या कबरीवर ठेवली. तिथे शेजारी सासूबाई झोपलेल्या, त्यामुळे मोकळेपणानं बोलता येत नाही, अशी तिची तक्रार होती. म्हणून या वर्षी तिनं आणखी एक कुंडी घेतली, पिवळी, आणि सायकलला पिशवीत अडकवून ती एकटीच नदीवर निघाली. रविवार नव्हता. धुकं मात्र तसंच होतं, आणि तोच गोड कुजका वास. शेतांच्या कडेला साखरेच्या बिटाचे ढीग धुक्यात नुसते काळे दिसत होते. मागचा तो टायरचा आवाज वळणापर्यंत सोबत आला.

ती उतरली. सायकल झाडाला टेकवली, कुंडी हातात घेतली, वेतांजवळ वाकली. आणि पाण्यावरून हाक आली.

"थांबा रेऽऽ! मी नाही आलो अजून! थांबा!"

ओमेरचा आवाज. घोगरा, 'अजून'वर फाटलेला. या आवाजाबरोबर ती चाळीसेक वर्षं एका घरात राहिली होती. तिच्या कानांची चूक व्हायचीच नाही.

"थांबाऽऽ! मी मागे आहे!"

तीन वर्षं ती ज्याला विचारत होती त्यानं उत्तर दिलं होतं, आणि ते इतकं भयंकर असेल असं तिला वाटलं नव्हतं. "ओमेर!" ती ओरडली. "अरे, मी आहे इथे! मी आलेय!"

आवाज कापल्यासारखा बंद झाला. मग पलीकडे लोखंडावर काहीतरी आपटलं. सायकल पडल्याचा आवाज होता तो, आणि भुतांच्या सायकली पडत नाहीत एवढं भान तिला त्याही क्षणी आलं. कुंडी हातात तशीच धरून ती फळीवरून धावली. त्या फळीवरून आजवर कोणी धावलेलं नाही.

पलीकडच्या टोकाला आशील होता. गुडघ्यांवर बसलेला, दोन्ही हात अजून तोंडाशी, हाक देताना धरतात तसे.

एदविज फळीवरून खाली उतरली.

"तू," एदविज म्हणाली. "म्हणजे त्या दिवशीही तूच."

आशीलचा स्वतःचा आवाज बारीक होता. तो ऐकायची कोणाला सवयच नव्हती. "गंमत केली गं. तो मागेच होता. वळणावर त्याची खडी वाजत होती, मी ऐकली. म्हटलं आधीच हाक देऊ, रेजिस सुटेल, हा धापा टाकत पळेल. याआधीही केलं होतं मी. शिव्या घालायचा मला. आणि मग हसायचा. आमच्या दोघांतच होतं ते."

एदविजला आधी राग आलाच नाही. छातीवरचं काहीतरी उतरलं. म्हणजे ओमेरनं कोणाला कॉफीला पाठवलं नव्हतं. तिच्या त्या वाक्याला त्यानं धरून ठेवलं नव्हतं. तीन वर्षं ज्या माणसाशी ती भांडत होती त्यानं काही केलंच नव्हतं. तो नुसता पडला होता, आणि घरी यायचं होतं त्याला. तिला रडू आलं, आणि ते सुखाचं होतं हे सांगायला लाज वाटली तरी सांगायला हवं.

मग तिनं वळून फळीच्या पलीकडे, जिथून ती धावत आली होती तिकडे पाहिलं. धुक्यात काही दिसत नव्हतं. तिचे डोळे हळूहळू कोरडे झाले.

"आशील," ती म्हणाली, "आत्ता मी तिथेच उभी होते. तू इथून ओरडलास ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं."

आशीलनं मान खाली घातली.

"डॉक्टर म्हणाले, थोडा वेळ होता."

"हो."

"म्हणजे त्यालाही आलं असेल ऐकू. स्वतःच्याच आवाजात. सगळे आले म्हणून."

"हो," आशील म्हणाला. "म्हणून येतो मी इथे. बरोबर करायला."

"बरोबर करायला?" आता तिचा आवाज चढला. "कोणाला ऐकवतोस? तीन वर्षं, मेल्या! तीन वर्षं मी त्या माणसाला बोल लावतेय, आणि तू माझी साखळी पुसतोस? लीक आणून देतोस?" तिनं हातातली कुंडी त्याच्या डोक्याच्या दिशेनं भिरकावली. नेम चुकला. कुंडी पाण्यात पडली, आणि पिवळी शेवंती थोडा वेळ वर राहून वेतांकडे गेली.

तिनं गावात कोणाला काही सांगितलं नाही. शनिवारी आशीलच्या दारावर थाप मारली आणि एवढंच म्हणाली, "उद्या ये. नाही आलास तर कॉलर धरून आणीन."

रविवारी तो आला. वाटेत फाटकाच्या आधी तिनं त्याला खूण केली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पुढे गेली. शेवटचा आता आशील. वळण आलं, पॉप्लर आले, वेत आले. तिथे कोणी बोलतच नाही. मग एकेक जण सायकल खांद्यावर घेऊन फळीवरून पलीकडे उतरला. एदविज उतरली. आशील उतरला.

हाक आली नाही.

पुढचे लोक रमतगमत चालवत राहिले. खडी कुरकुरत होती. शेवटी रेजिस पुढे बघतच ओरडला, "काय रे, झोपलात का मागे? आलात का सगळे?"

"सांग त्यांना," एदविज आशीलला म्हणाली. "आणि तुझ्या आवाजात सांग."

आशीलचे ओठ हलले. हात तोंडाशी गेले आणि परत खाली आले. मग त्या बारीक, कोणाच्याच ओळखीच्या नसलेल्या आवाजात तो म्हणाला, "थांबा. एक जण राहिलाय."

इतक्या वर्षांत प्रथमच त्या वाटेवर माना वळल्या. एकेकानं पाय टेकला. आवाज कोणाचा हे आधी कळेना. मग कळलं, आणि पाठोपाठ काय म्हणाला तेही कळलं. रेजिसनं सायकल गवतात आडवी टाकली आणि परत आला. सगळे पुन्हा फळीवरून एकेक करत अलीकडे आले आणि वळणावर, वेतांसमोर उभे राहिले. आशीलनं सगळं सांगितलं तेव्हा त्यानं नदीकडे तोंड केलं होतं.

एदविजनं त्याला माफ केलेलं नाही. लीक ती अजून घेते, पण त्याला हो की ठो म्हणत नाही. मागून येणारा तो टायरचा आवाज अजून येतो, आणि ती आता त्याच्याशी भांडत नाही. वळणावर जरा हळू चालवते, एवढंच.

त्या रविवारी जिस्लेननं नेहमीच्या वेळेला कॉफी ओतून ठेवली होती. सगळ्यांनी ती गारच प्यायली.